दार उतरलं तर आधी बिजागरी बघा

जुन्या पद्मिनीचं किंवा अ‍ॅम्बॅसॅडरचं दार नीट लागेनासं झालं की मालकाचं लक्ष आधी हँडलकडे जातं. हाताला लागतं ते हँडल, डोळ्याला दिसतं ते हँडल, म्हणून दोषही त्यालाच दिला जातो. कुठून तरी नवं हँडल मागवलं जातं, बसवलं जातं, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा दार आपटल्याशिवाय लागत नाही. दुखणं बहुतेक वेळा दाराच्या दुसऱ्या टोकाला असतं, दोन बिजागऱ्यांच्या पिनांमध्ये. पिन झिजली की दाराचं मागचं टोक खाली उतरतं. मग लॉक पिलरवरच्या स्ट्रायकरमध्ये सरळ न जाता त्याच्या कडेवर आदळतं. रोज आदळून आदळून स्ट्रायकर झिजतो, लॉकच्या आतल्या स्प्रिंगा थकतात आणि सगळ्यात शेवटी हँडलचं बटण अडकायला लागतं. आपण मात्र शेवटच्या टोकापासून दुरुस्तीला सुरुवात करतो आणि पैसे घालवतो.

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या बाजारपेठांच्या गावांत अजून काही घरांत अशा गाड्या आहेत. कोणाच्या वडिलांनी कापसाच्या व्यापारात घेतलेली, कोणा डॉक्टरांची, कोणा वकिलांची, कोणी सरकारी लिलावात उचललेली पांढरी अ‍ॅम्बॅसॅडर. वर्षातून दोन-चार लग्नांना आणि दसऱ्याच्या पूजेला निघणाऱ्या या गाड्यांची इंजिनं लोक जपतात. दारांकडे कोणी बघत नाही. खरं तर दारं दुरुस्त करणं इंजिनापेक्षा सोपं आहे आणि त्याची सगळी सोय वाशीम जिल्ह्यातच होऊ शकते. फक्त क्रम सांभाळायला हवा: आधी बिजागरी, मग स्ट्रायकर, मग लॉक आणि सगळ्यात शेवटी हँडल.

सुटे भाग मिळण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी 1944 साली सुरू केलेली कंपनी, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. फियाट 1100 चं डिलाइट मॉडेल 1964 पासून तिथे बनू लागलं आणि सत्तरच्या दशकात त्याचंच नाव पद्मिनी झालं. ती गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली. बंगालमधल्या उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बॅसॅडरचा कारखाना मे 2014 मध्ये थांबला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. इतकी वर्षं या गाड्यांच्या स्वस्त सुट्या भागांना मोठा आधार होता तो या टॅक्सीवाल्यांचा. त्यांना रोज दारं उघडायची-लावायची, त्यामुळे हँडल, लॉक, काचेची मशीन यांना कायम गिऱ्हाईक असायचं. ते गिऱ्हाईक गेलं. आता जे मिळतं ते एक तर जुना पडून राहिलेला साठा, नाही तर भंगारातून काढलेला माल, नाही तर नव्याने ओतलेली नक्कल. तिन्हींची पारख वेगळी करावी लागते.

बिजागरीच्या बाबतीत मात्र आपल्या जिल्ह्याला मुंबईकडे बघायची गरज नाही. इथल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात लेथ मशीन आहे. मळणी यंत्राचे बुश, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या पिना, पंपाचे शाफ्ट हे त्या कारागिरांचं रोजचं काम. गाडीच्या दाराची पिन त्यांच्या हिशेबी किरकोळ. नमुना आणि माप नीट दिलं तर कंपनीच्या पिनेपेक्षा सरस पिन तिथे बनते. एवढंच पाहा की सोयाबीनच्या काढणीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यांच्याकडे जाऊ नका. तेव्हा मळणी यंत्रं रांगेत उभी असतात आणि तुमच्या पिनेकडे कोणी लक्ष देणार नाही. द्यावं अशी अपेक्षाही करू नये. चैत्र-वैशाखात काम उरका. मृगाचा पाऊस पडायच्या आत दार बंद झालं म्हणजे पहिल्याच सरीत कामाची परीक्षा होते.

आधी तपासणी

गाडी सपाट जागी उभी करा. चारही दारं बंद असताना दोन पावलं मागे येऊन फटी बघा. दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? दाराच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात फट मिटत आली असेल आणि पुढच्या वरच्या कोपऱ्यात रुंदावली असेल तर दार उतरलंय हे नक्की. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि उतरताना दाराच्याच आधाराने उठतो, म्हणून उजवं पुढचं दार सगळ्यात आधी उतरतं.

आता तेच दार अर्धं उघडा. मागच्या टोकाला खालून दोन्ही हात लावून हळूच वर उचला आणि सोडा. या वेळी नजर दारावर नको, बिजागऱ्यांवर हवी. सोबत कोणी असेल तर त्याला उचलायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा. पिन तिच्या भोकात वरखाली, मागेपुढे हलताना दिसली तर पिन-बुश गेले. पिन घट्ट आहे पण बिजागरीचं पान पिलरवरून सरकतंय, तर बोल्ट ढिले आहेत. मग पान्हा लावण्यापलीकडे काही काम नाही. आणि पिनही घट्ट, बोल्टही घट्ट, पण बिजागरीच्या आजूबाजूचा पत्राच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतोय, तर पिलर गंजलाय किंवा त्याला चीर गेलीय. हे काम डेंटरचं. पत्रा कापून, जाड पट्टी आत घालून वेल्डिंग होईपर्यंत नव्या पिनेचा काही उपयोग नाही. तुमच्या दाराला या तिन्हींपैकी कोणतं दुखणं आहे ते ठरल्याशिवाय एकही वस्तू विकत घेऊ नका.

पिन काढताना

दाराचं वजन पिनेवर असताना पिन ठोकू नका. दाराखाली जॅक लावा, त्यावर लाकडी फळी आणि फळीवर जाड कापड किंवा गोणपाट घडी करून ठेवा. जॅक इतकाच चढवा की दाराचा भार फळीवर यावा. दार वर ढकललं जाऊ नये. बिजागरीची पानं पिलरवर नेमकी कुठे बसलीत त्याची कड पेन्सिलीने किंवा अणकुचीदार खिळ्याने हलकी आखून घ्या. पानं काढावी लागली तर परत बसवताना ही रेघ तासभराची खटपट वाचवते.

त्याआधी एक काम विसरू नका. दार ठरावीक अंतरापर्यंतच उघडावं म्हणून दार आणि पिलर यांच्यामध्ये एक पट्टी असते, तिची पिन आधी काढा. आणि ती काढल्यानंतर दाराजवळ कोणाला तरी उभं करा. पट्टी सुटलेलं दार वाऱ्याच्या एका झोताने पूर्ण उघडतं आणि त्याची पुढची कड मडगार्डवर आदळते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी कसा वारा सुटतो ते सांगायला नको. ही पट्टी तुटलेली असेल तर तीही याच वेळी बदला. तिच्या जागी कोणी चामड्याचा पट्टा लावतं, कोणी साखळी लावतं. पट्टा चालतो, साखळी झटका देते आणि पिलरचा पत्रा फाडते.

पिन वर्षानुवर्षांच्या गंजाने जाम असते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल दोन्ही टोकांना सोडा, सकाळी पुन्हा सोडा. मग पिनेपेक्षा किंचित बारीक पोलादी पंच लावून हातोडीने ठोका. खालून वर की वरून खाली हे आधी बघा. एका टोकाला डोकं किंवा आडव्या रेघा असतील तर त्या टोकाच्या दिशेने पिन निघते. दहा-बारा ठोक्यांत हलली नाही तर जोर वाढवू नका. पुन्हा तेल सोडा, थांबा. अतिजोराने पिनेचं टोक पसरतं आणि मग ती कापूनच काढावी लागते.

निघालेली पिन हातात घेऊन उन्हात फिरवून बघा. जिथे बिजागरीचं पान तिच्यावर टेकत होतं तिथे एका बाजूला चकचकीत खळगा दिसेल, आणि शेजारचा भाग मूळ जाडीचा असेल. नखाने ती पायरी जाणवते. व्हर्नियरने दोन्ही ठिकाणची जाडी मोजून कागदावर लिहा. आता बिजागरीचं भोक बघा. गोल राहिलंय की लांबट झालंय? गोल असेल तर मूळ मापाची पिन पुरेल. लांबट झालं असेल तर दोन रस्ते आहेत. एक, भोक रीमरने थोडं मोठं आणि पुन्हा गोल करून त्या मापाची जाड पिन घालायची. दुसरा, भोक आणखी मोठं करून त्यात पितळी किंवा गनमेटलचा बुश दाबून बसवायचा आणि पिन मूळ मापाचीच ठेवायची. मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. पुढच्या वेळी झीज होईल ती स्वस्त बुशाची होईल, बिजागरीची नाही. मात्र बिजागरीचा डोळा बारीक असेल आणि बुशासाठी भोक वाढवल्यावर भोवती धातूच उरणार नसेल तर पहिला रस्ता धरा. लेथवाला हे बघताक्षणी सांगेल.

त्याच्याकडे जाताना जुनी पिन, बिजागरी आणि मापांचा कागद तिन्ही न्या. नुसती झिजलेली पिन दिली तर तो झिजलेल्या मापाचीच नवी बनवून देईल. पिन ईएन-8 पोलादाची मागा. ते ट्रॅक्टरच्या कामासाठी त्याच्याकडे असतंच. साध्या सळईची पिन लवकर झिजते. बसवून बघताना पिन बोटाच्या दाबाने बुशात सरकावी, पण कडेला ढकलली तर हलू नये. एका दाराच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पिना एकदमच बदला. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं, त्यामुळे एकच नवी केली तर दुसरीची झीज दाराला पुन्हा तिरकं करते.

बोल्ट परत लावताना एक खबरदारी. पद्मिनी मूळची इटलीची, तिचे आटे मिलिमीटरचे. अ‍ॅम्बॅसॅडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्या बॉडीवर इंची आटे. हरवलेल्या बोल्टाच्या जागी डब्यातला ‘जवळपास’ बसणारा बोल्ट पान्ह्याने रेटला की पिलरच्या आतले आटे जातात, आणि ते परत करणं पिन करण्यापेक्षा महाग पडतं. जुना बोल्ट घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा आणि नवा आधी हाताने पूर्ण फिरतो का ते बघा.

स्ट्रायकर आणि लॉक

बिजागऱ्या झाल्या की दार आपोआप वर येतं, आणि इतकी वर्षं उतरलेल्या दाराच्या मापाने कोणी तरी सरकवलेला स्ट्रायकर आता चुकीच्या जागी असतो. म्हणूनच तो नंतर. त्याचे स्क्रू अनेकदा रंगाने आणि गंजाने गोठलेले असतात. साध्या पेचकसने खाच खराब होते. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, तो कोणत्याही मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये असतो. आणि सगळे स्क्रू एकदम काढू नका. पुष्कळ गाड्यांत हे स्क्रू पिलरच्या आत मोकळ्या ठेवलेल्या एका आट्यांच्या पट्टीत बसतात. शेवटचा स्क्रू निघाला की ती पट्टी पिलरच्या पोकळीत खाली पडते आणि ती काढायला चुंबक, तार आणि अर्धा दिवस लागतो. एक स्क्रू ढिला पण जागेवर ठेवा, किंवा काढायचाच असेल तर त्या जागी लांब स्क्रू अडकवून पट्टी धरून ठेवा.

स्क्रू इतके ढिले करा की स्ट्रायकर हाताने दाबल्यावर सरकेल. बाहेरचं बटण दाबून धरा आणि दार हळूच आणा. लॉक स्ट्रायकरला कुठे भेटतंय ते बघा. वरच्या कडेला घासत असेल तर स्ट्रायकर वर, खालच्या कडेला घासत असेल तर खाली. उंची जमली की आत-बाहेर. दाराचा पत्रा शेजारच्या पत्र्याशी समपातळीत आला की थांबा. ग्रीसचं पुसट बोट लॉकवर लावून दार एकदा बंद-उघड केलं तर स्ट्रायकरवर उमटलेली खूण सगळं सांगते.

मग कानांनी तपासा. चांगल्या लॉकला दोन टप्पे असतात, पहिला खट आणि दुसरा खट. पहिला टप्पा हा बचावाचा: दार पूर्ण लागलं नाही तरी उघडू नये म्हणून. दार मुद्दाम पहिल्याच खटक्यावर ठेवा आणि बाहेरून ओढा. उघडलं तर लॉक बाद समजा. हे बारीकसारीक वाटेल, पण या गाड्यांच्या काळात सीटचे पट्टे बहुतेकांना नव्हतेच. वळणावर दार उघडलं तर माणूस बाहेर जातो. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढलात तर शेजारून 120 च्या वेगाने गाड्या जातात आणि ट्रकच्या वाऱ्याने जुनी हलकी गाडी हादरते. दोन्ही टप्पे पक्के नसलेली गाडी त्या रस्त्यावर नेऊ नका. ज्यांच्याकडे पद्मिनीहून जुनी ‘डुक्कर फियाट’ आहे त्यांनी तर दुप्पट काळजी घ्यावी. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे चालत्या गाडीत लॉक सुटलं तर वारा दार झटक्यात पूर्ण उघडतो. दाराला दोरी किंवा तार बांधून गाडी चालवणं हा कोणत्याच गाडीवर उपाय नाही. अपघातात आतल्या माणसाला बाहेर काढता येत नाही.

लॉक काढण्यासाठी दाराचं पॅड उतरवावं लागतं. काच पूर्ण वर करून चिकटपट्टीने वरच्या कडेला धरून ठेवा. काच फिरवायच्या दांड्याच्या मागची चकती पॅडकडे दाबली की काही गाड्यांत आडवी पिन दिसते, ती बारीक पंचाने ढकलायची. काहींत घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते, ती आकड्याने ओढायची. पॅड स्प्रिंगच्या क्लिपांवर बसलेलं असतं. पेचकस क्लिपच्या अगदी शेजारी घालून उचला, नाही तर ओल खाऊन फुगलेला हार्डबोर्ड तिथेच फाटतो. आत हात घालण्यापूर्वी हातमोजे घाला, कारण दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात.

आपल्याकडे दार उघडल्यावर आत हमखास काय दिसतं, तर तळाशी काळ्या मातीचा थर. उन्हाळ्यात काचेच्या फटीतून बारीक धूळ जाते, पावसाळ्यात पाणी जातं, दोन्ही मिळून चिखल होतो आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला ठेवलेली भोकं बुजवतो. मग पाणी तिथेच थांबतं आणि दार आतून सडतं. ही भोकं जाड तारेने मोकळी करा, आत गंजरोधक रंगाचा एक हात द्या. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि दाराचं आयुष्य त्यावर ठरतं. काचेची मशीन हाताशी आलीच आहे तर तिचे दात आणि रोलर बघून घ्या, फेल्टचं चॅनल झिजलं असेल तर बदला. खिळखिळ्या चॅनलमधली काच दार आपटल्यावर तडकते.

लॉक हातात आलं की लगेच नवं शोधू नका. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, ब्रशने धुवा, वाळवा आणि बोटाने चालवून बघा. बहुतेक लॉक मेलेलं नसतं, तीस वर्षांचं वाळलेलं ग्रीस आणि माती यांनी आवळलेलं असतं. तुटतात त्या स्प्रिंगा, आणि त्या जुन्या नमुन्यावरून करून घेता येतात. जीभ किंवा दातेरी चकती गोल झिजली असेल, तर मात्र लॉक बदलाच. वेल्डिंगचा थर देऊन कानशीने घासलेली जीभ वरून छान दिसते, पण तिचा कडकपणा गेलेला असतो. वंगण बेताचं लावा. इथल्या धुळीत जास्त ग्रीस म्हणजे धूळ धरून ठेवायची सोय. फिरणाऱ्या जागी पातळ थर, बाकी पुसून काढा. किल्लीच्या भोकात ग्रीस किंवा तेल अजिबात नको, तिथे ग्राफाइटची कोरडी भुकटी घाला.

आता हँडल

इथवर आल्यावर दार एका बोटाने लागत असेल तर तुमचं जुनं हँडल कदाचित ठीकच आहे. बटण अडकत असेल, स्प्रिंग तुटली असेल किंवा हँडलला चीर गेली असेल तरच बदलायचा विचार करा. ही हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलाम्याखाली धातू फुगला की पृष्ठभागावर बारीक फोड येतात. त्यावर पॉलिश पेपर घासू नका, उरलेलं क्रोमही जाईल. पुन्हा मुलामा देता येतो, पण तो देणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा की धातू पोलाद नाही, जस्ताचं ओतकाम आहे. जुना मुलामा काढायच्या आम्लात जस्त विरघळतं. ज्याला याची सवय नाही त्याच्याकडून हँडल खड्डे पडून परत येतं.

नक्कल हँडल घेताना जुनं सोबत ठेवून तीन गोष्टी जुळवा: बोल्टांमधलं अंतर, आत जाणाऱ्या दांड्याची लांबी आणि बटणामागचा स्क्रू. तिसऱ्यावर सगळं अडतं. बटण दाबलं की त्यामागचा हा स्क्रू लॉकच्या पात्याला ढकलतो. नव्या हँडलात तो लांब निघाला तर बटण न दाबताही पातं अर्धवट ढकललेलं राहतं. दार वरवर लागतं, पण लॉक दुसऱ्या टप्प्यापर्यंत जातच नाही आणि खड्ड्यात दार उघडतं. म्हणून पॅड लावण्याआधी, आतून बघत बघत बटण दाबा. सुरुवातीचं एक-दीड मिलिमीटर बटण रिकामं चालायला हवं, मग पातं हलायला हवं. स्क्रूवर लॉकनट असेल तर तो ढिला करून माप साधा आणि पुन्हा आवळा. लॉकनटच नसलेलं हँडल घेऊ नका.

हँडल आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी गादी हवीच. नव्या हँडलासोबत ती नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबमधून हँडलच्या बुडाच्या आकाराची कापून घ्या. पाणी आत जात नाही आणि रंगही खरवडला जात नाही. जुन्या हँडलमधला किल्लीचा गाभा शाबूत असेल तर तो काढून नव्यात बसवा, म्हणजे सगळ्या दारांना एकच किल्ली राहते. जिल्ह्याच्या गावातला किल्लीवाला हे करून देतो.

पॅड परत लावताना त्यामागे जाड प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि त्याची खालची कड दाराच्या आतल्या बाजूला सोडा, म्हणजे काचेवरून उतरणारं पाणी हार्डबोर्डला न लागता भोकांकडे जाईल. कारखान्यातून निघताना गाडीला असं आवरण असायचं. पहिल्या दुरुस्तीत ते फेकलं जातं. आणि नवं रबर बीडिंग लावणार असाल तर ते जुन्याच जाडीचं घ्या. जाड रबर लावलं की दार ओढून घ्यावं लागतं, मग माणूस आपटायला लागतो आणि नव्या पिनांवर पुन्हा तोच मार बसतो. नवं रबर थोडं कडक वाटलं तर स्ट्रायकर लगेच बाहेर सरकवू नका. आठवडाभर दार बंद ठेवून रबर दबू द्या.

माल कुठे मिळेल? पहिली चौकशी अकोल्याच्या आणि अमरावतीच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत करा. मागच्या फळीवर न विकलेला खरा माल अजून सापडतो. पद्मिनीसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आणि ऑपेरा हाउसकडची दुकानं, अ‍ॅम्बॅसॅडरसाठी कोलकात्याचा मल्लिक बाजार, दोन्हींसाठी दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी. फोनवर मागवताना गाडीचं साल आणि दार कोणतं, उजवं की डावं, पुढचं की मागचं, हे सांगाच, आणि जुन्या भागाचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा. मला विचाराल तर भंगारातलं खरं लॉक नव्या नकलेपेक्षा नेहमी बरं. हँडलच्या बाबतीत उलट, फोड आलेलं जुनं घेण्यापेक्षा नीट निवडलेलं नवं घ्या.

काढलेला एकही मूळ भाग भंगारवाल्याला देऊ नका. दाराचं नाव लिहून डब्यात ठेवा. जुलै 2021 मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो. गाडी मूळ रूपात जपली आहे हे दाखवायला असे भाग कामी येतात. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही, हे वरातीसाठी गाडी देणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. आणखी एक, वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या गाडीची नोंद अकोल्याची असण्याची शक्यता मोठी. कागद काढताना एमएच 37 च्या कार्यालयात जाण्यापूर्वी आरसी बुकावर नोंदणी कुठली आहे ते वाचून घ्या.

काम झाल्यावर महिनाभर गाडी वापरा आणि मग बिजागऱ्यांचे बोल्ट आणि स्ट्रायकरचे स्क्रू पुन्हा एकदा आवळा; नवीन बसलेले भाग थोडे दबतात. पहिला जोराचा पाऊस झाला की दाराखाली हात घालून भोकांतून पाणी गळतंय का बघा. आणि गाडी लग्नाला जाणार असेल तर सजावटवाल्याला आधीच सांगा की हँडलला तार गुंडाळायची नाही. फुलांच्या माळेची ओली तार एका रात्रीत क्रोमवर ओरखडे पाडते आणि ओढाताणीत बटणाची स्प्रिंग जाते. माळ बंपरला आणि बॉनेटच्या फटीतून सुती दोऱ्याने बांधता येते.